धुराचे निदान करणारा अभियंता

जुन्नर तालुक्यातल्या मढ गावावरून कल्याण-नगर महामार्ग जातो. शेजारी पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी आणि पुढे माळशेज घाट. ओतूर-जुन्नर पट्ट्यातला कांदा, टोमॅटो, कोथिंबीर भरून कल्याण-मुंबईच्या बाजाराकडे निघालेले टेम्पो आणि ट्रक याच रस्त्याने घाट उतरतात, आणि रिकामे होऊन याच रस्त्याने परत चढतात. घाट चढून आलेल्या जुन्या ट्रकच्या नळीतून सुटणारा काळा धूर रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्याला किंवा एसटीची वाट पाहत उभ्या असलेल्या पोरांना नवा नाही. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, गाडी पुढे जाते आणि माणूस विसरून जातो.

अलीकडे मात्र या वर्दळीत ‘सीएनजी’ची खूण लावलेले लहान मालवाहू टेम्पोही दिसतात. पुण्यात पीएमपीच्या बस आणि रिक्षा, मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सी गॅसवर चालतात. गॅस स्वस्त पडतो म्हणून तो घेतला, असे बहुतेक चालक-मालक सांगतील, आणि ते खरेही आहे. पण धंद्याची वाहने नैसर्गिक वायूवर चालवावीत ही गोष्ट आपल्या देशात प्रथम मोठ्या प्रमाणावर घडली ती स्वस्ताईसाठी नव्हे, तर लोकांच्या फुप्फुसांसाठी. ती दिल्लीत घडली. तिच्यामागे अनेक जण होते. त्यांतला एक मुख्य माणूस पेशाने पत्रकार, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर आणि शेवटची आठ वर्षे कर्करोगाचा रुग्ण होता. त्याचे नाव अनिल अगरवाल. याच नावाचे उद्योगपती वेगळे. हे अगरवाल पर्यावरणाचे अभ्यासक होते.

कानपूर ते गढवाल

अनिल अगरवाल यांचा जन्म २३ नोव्हेंबर १९४७ रोजी कानपूरमध्ये झाला. देश स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. कानपूर हे गिरण्यांचे आणि कातडी कमावण्याच्या कारखान्यांचे शहर. तिथल्याच आयआयटीतून त्यांनी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. त्या काळात आयआयटीतून बाहेर पडलेल्या मुलांपुढे दोन सरळ वाटा असत, परदेश किंवा मोठ्या कंपनीतली नोकरी. अगरवाल यांनी तिसरीच वाट धरली. ते ‘हिंदुस्तान टाइम्स’मध्ये विज्ञान वार्ताहर झाले.

वार्ताहरकीच्या सुरुवातीच्या वर्षांतच ते हिमालयात गढवालच्या डोंगरात गेले. तिथे बायका झाडांना मिठ्या मारून ठेकेदारांच्या कुऱ्हाडी अडवत होत्या. चिपको आंदोलनाची ओळख देशाला करून देणाऱ्या पहिल्या पत्रकारांत अगरवाल होते. या फेरीने त्यांच्या विचाराला कायमचे वळण दिले. जंगल वाचवणे ही शहरातल्या सुखवस्तू माणसाची हौस नाही. सरपण, चारा आणि पाणी ज्यांना रोज लागते त्या गरिबांच्या जगण्याचा तो प्रश्न आहे, हे त्यांनी तिथे पाहिले. पुढे धुराच्या प्रश्नाकडेही त्यांनी याच नजरेने पाहिले. धूर सगळ्यांत जास्त कोण खातो? काच बंद करून गाडीत बसलेला माणूस नव्हे. रस्त्यावरचा हवालदार, हातगाडीवाला, रिक्षावाला आणि बसथांब्यावर उभा असलेला माणूस.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी लंडनमध्ये ‘अर्थस्कॅन’ या वृत्तसेवेत काम केले. मग परत येऊन १९८० साली दिल्लीत ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ ही संस्था काढली. १९८२ साली या संस्थेने भारताच्या पर्यावरणाचा पहिला नागरिक अहवाल छापला. तोवर असे अहवाल सरकारे काढत. देशाच्या जमिनीची, पाण्याची, हवेची स्थिती सामान्य माणसांनी, कार्यकर्त्यांनी आणि पत्रकारांनी मिळून मांडावी ही कल्पनाच नवी होती. १९८६ साली पंतप्रधान राजीव गांधी यांनी अगरवाल यांना केंद्रीय मंत्रिमंडळापुढे पर्यावरणावर बोलण्यासाठी बोलावले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली.

मढच्या लोकांना परिचित असलेल्या मुलखाशीही त्यांच्या कामाचा संबंध आला. जुन्नरला लागून असलेल्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत अडवलेल्या पाण्याने गाव कसे बदलले, हे उदाहरण त्यांच्या लेखनात आहे. गावाचे पाणी, चराई आणि झाडे यांचा कारभार गावाकडेच हवा, हे ते सांगत राहिले. १९९१ साली सुनीता नारायण यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तिकेत त्यांनी जागतिक तापमानवाढीचा हिशेब तपासला. श्रीमंत देशांच्या मोटारींचा धूर आणि गरीब देशांतल्या भातखाचरांचा वायू एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९९२ साली त्यांनी ‘डाउन टु अर्थ’ हे पाक्षिक सुरू केले.

रोगी आणि अभ्यासक

१९९४ साली अगरवाल यांना कर्करोगाने गाठले. मेंदू आणि डोळे यांवर हल्ला करणारा हा लिम्फोमाचा दुर्मिळ प्रकार होता. उपचारांसाठी अमेरिकेच्या फेऱ्या सुरू झाल्या. औषधांनी शरीर थकले, दृष्टी अधू झाली, पण काम थांबले नाही. उलट त्यांच्या अभ्यासात एक नवी धार आली. जंगल आणि पाणी यांच्या जोडीला आता माणसाचे शरीर आले. हवेतून, पाण्यातून, अन्नातून काय काय शरीरात जाते आणि तिथे काय करते, याचा त्यांनी पाठपुरावा सुरू केला. आपल्या आजाराविषयी त्यांनी आपल्या पाक्षिकात उघडपणे लिहिले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. एका माणसाला झालेला कर्करोग नेमका कशामुळे झाला, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. अगरवाल यांचा आजार धुरामुळे झाला असे म्हणायला आधार नाही. पण लाखो माणसे तोच धूर वर्षानुवर्षे श्वासात घेत असतील, तर त्यांच्यात दमा, हृदयविकार आणि फुप्फुसाचा कर्करोग किती वाढतो, हे मोजता येते. एका रुग्णाचे निदान डॉक्टर करतो. शहराचे निदान असे आकड्यांतून करावे लागते. अगरवाल यांनी ते करायचे ठरवले.

१९९६ साली त्यांच्या संस्थेने ‘स्लो मर्डर’ नावाचा अहवाल काढला. विषय होता भारतातल्या वाहनांचा धूर. तोवर धुराचा सगळा दोष चालकावर टाकण्याची पद्धत होती. गाडीची निगा राखत नाही, पीयूसी काढत नाही, की झाला तो गुन्हेगार. अहवालाने हा हिशेब उलगडून दाखवला. इंजिनांचे तंत्रज्ञान जुने, इंधन घाणेरडे, वाहतुकीचे नियोजन जवळपास नाही आणि देखभाल कच्ची, अशा चार कारणांतून धूर तयार होतो. त्यांतले देखभालीचे एकच कारण चालकाच्या हातात आहे. बाकीची तीन वाहन कंपन्या, तेल कंपन्या आणि सरकार यांच्या हातात. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडच्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत १०,००० भागांपर्यंत, म्हणजे एक टक्क्यापर्यंत चालत असे. अशा डिझेलवर गाडी कितीही धुऊनपुसून ठेवली, तरी धूर स्वच्छ होणार नव्हता.

दिल्लीच्या प्रदूषणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात १९८५ पासून चालू होता. वकील एम. सी. मेहता यांनी ती याचिका केली होती. ‘स्लो मर्डर’ची दखल न्यायालयाने घेतली आणि दिल्ली सरकारकडे कृती आराखडा मागितला. एका पत्रकाराच्या संस्थेने काढलेला अहवाल थेट न्यायासनापुढे गेला.

काळा धूर येतो कुठून

पुढे जे घडले ते कळण्यासाठी इंजिनच्या आत डोकावायला हवे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा पिस्टन १७-१८ पट दाबतो, त्यामुळे ती तापते आणि या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. फवाऱ्यातल्या थेंबाच्या कडेला भरपूर हवा मिळते, पण आतल्या भागाला मिळत नाही. तिथे इंधन अर्धवट जळते आणि काजळी होते. चुलीत ओले लाकूड घातल्यावर जे होते, तसलाच हा प्रकार. घाट चढताना किंवा जादा माल भरल्यावर चालक जास्त इंधन सोडतो आणि धूर अधिक काळा होतो तो याचमुळे.

या काजळीचे बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. नाकातले केस आणि घशातला चिकट द्रव मोठी धूळ अडवतात, पण एवढे बारीक कण सरळ फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. त्यांतले अगदी सूक्ष्म कण रक्तातही उतरतात. शिवाय ते एकटे जात नाहीत. जळणातून तयार झालेली घातक रसायने त्यांना चिकटलेली असतात. श्वासनलिका सुजतात, दमेकऱ्याला झटका येतो, रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ साली डिझेलच्या धुराला संभाव्य कर्ककारक ठरवले होते. २०१२ साली तिने तो निश्चित कर्ककारकांच्या यादीत घातला. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस याच यादीत आहेत.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याच्या एका रेणूत कार्बनचा एकच अणू असतो, त्यामुळे काजळीची साखळी बनायला फारसा वाव नसतो. तो मुळातच वायू असल्याने हवेत नीट मिसळतो आणि स्वच्छ जळतो. वासासाठी त्यात मुद्दाम मिसळलेला किरकोळ अंश सोडला, तर गंधक जवळजवळ नसते. म्हणून गॅसवरच्या बसमागे काळा लोट दिसत नाही. तिच्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात आणि मिथेन गळला तर तो हवामानाला त्रासदायक असतो, हेही खरे. पण काजळीच्या बाबतीत त्या काळच्या डिझेलशी त्याची बरोबरीच नव्हती.

पेट्रोलच्या टॅक्सीला किंवा रिक्षाला गॅसवर आणणे तुलनेने सोपे असते. ठिणगी आधीच असते. टाकी, दाब कमी करणारे यंत्र आणि मिश्रणाचे किट बसवले की गाडी चालते. डिझेल बसचे तसे नाही. डिझेलचे पंप आणि नोझल काढायचे, त्या जागी स्पार्क प्लग बसवायचे, पिस्टनचा दाब ११-१२ पटींवर आणायचा, छतावर किंवा तळाला वातावरणाच्या २०० पट दाब सोसणाऱ्या टाक्यांची रांग बांधायची. हे काम गल्लीतल्या गॅरेजचे नव्हे. त्यामुळे जुनी बस बदलायची की नवीच घ्यायची, हा प्रश्न प्रत्येक बसमालकापुढे उभा राहतो.

२८ जुलै १९९८

जानेवारी १९९८ मध्ये भुरे लाल यांच्या अध्यक्षतेखाली दिल्ली परिसरासाठी पर्यावरण प्रदूषण प्राधिकरण नेमले गेले. अगरवाल त्याचे सदस्य होते. आजारी शरीराने ते बैठकांना बसत, कागद वाचत, आकडे तपासत. प्राधिकरणाच्या शिफारशींवरून २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला. दिल्लीतली बससेवा ३१ मार्च २००१ पर्यंत पूर्णपणे सीएनजीवर यावी, बसची संख्या दहा हजार व्हावी, जुन्या रिक्षा-टॅक्सींच्या जागी स्वच्छ इंधनाची वाहने यावीत आणि गॅसचे पंप ९ वरून ८० व्हावेत, असे त्यात होते. एका महानगराच्या सगळ्या बस तीन वर्षांच्या आत एका इंधनावर आणायच्या, असे काम देशात कोणी केलेले नव्हते.

या कथेत महाराष्ट्राच्या किनाऱ्याचाही वाटा आहे. मुंबईपासून दूर समुद्रात १९७४ साली बॉम्बे हायचा साठा सापडला. त्यानंतर वसईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्रात मोठा वायुसाठा हाती आला. हा वायू समुद्राखालच्या नळांनी गुजरातेत हजिऱ्याला आणि तिथून मोठ्या वाहिनीने उत्तरेकडे जाऊ लागला. दिल्लीच्या गॅस पंपांना वायू मिळाला तो याच वाहिनीतून.

आदेश निघाला, पण काम रखडले. बसमालक थांबले, कारण गॅसचे पंप नव्हते. पंप रखडले, कारण गॅसच्या बस नव्हत्या. न्यायालय मुदत पुढे ढकलेल, अशी आशा सगळ्यांनाच होती. २००१ च्या मार्चअखेरीस मुदत संपत आली तेव्हा हजारो डिझेल बस रस्त्यावरच होत्या. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांतल्या अनेक बंद झाल्या आणि दिल्लीचे हाल झाले. थांब्यांवर गर्दी उसळली, संतापलेल्या लोकांनी बस जाळल्या. गॅस पंपांवर रिक्षांच्या रांगा लागल्या. पोटासाठी गाडी चालवणारा माणूस रात्र-रात्र रांगेत झोपू लागला. काही गॅस बसना आगी लागल्याच्या बातम्यांनी भीती पसरली.

या हालांचा दोष गॅसच्या बाजूने बोलणाऱ्यांवर आला. अगरवाल आणि त्यांचे सहकारी मागे हटले नाहीत, पण तक्रारी झटकूनही टाकल्या नाहीत. गॅस बसच्या सुरक्षेची तपासणी करण्यासाठी परदेशातून जाणकार बोलावले गेले. वायू हवेपेक्षा हलका असल्याने गळला तर वर निघून जातो. धोका असतो तो निकृष्ट जोडकामात, चुकीच्या नळ्यांत आणि तपासणीच्या अभावात, हा धडा त्यातून घट्ट झाला. तो आजही कामाचा आहे. गाडीतल्या सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. मान्यता नसलेल्या ठिकाणी बसवलेले स्वस्त किट हा त्या टेम्पोत बसलेल्या प्रत्येकाच्या जिवाशी खेळ असतो.

दोन बाजूंचा वाद

वादाला दुसरी बाजूही होती, आणि ती हलकी नव्हती. सप्टेंबर २००१ मध्ये केंद्र सरकारने वाहनांच्या इंधन धोरणासाठी डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गोव्याच्या माशेल गावचे, मुंबईत वाढलेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले माशेलकर मराठी वाचकांना परिचित आहेत. समितीचा विचार असा होता की, सरकारने नळीतून किती धूर निघावा याची मर्यादा ठरवावी. ती गाठण्यासाठी कोणते इंधन वापरायचे, हे वाहन बनवणाऱ्यांवर आणि वापरणाऱ्यांवर सोडावे. शास्त्रीय तत्त्व म्हणून ही मांडणी चूक म्हणता येत नाही.

अगरवाल यांच्या बाजूचे म्हणणे वेगळ्या ठिकाणाहून आलेले होते. स्वच्छ डिझेल अशक्य नाही, पण त्यासाठी गंधक जवळजवळ शून्य असलेले इंधन आणि धूर गाळणारी यंत्रणा या दोन्ही गोष्टी लागतात. त्या देशात यायला बरीच वर्षे लागतील. तोवर दिल्लीतल्या मुलांनी कोणता श्वास घ्यायचा? गॅस आज उपलब्ध आहे, म्हणून आज गॅस घ्यावा. शेजारच्या गावात नवे इस्पितळ व्हायचे आहे म्हणून तापाने फणफणलेल्या रोग्याला घरीच ठेवणे शहाणपणाचे नसते.

या वादाचा निकाल अगरवाल यांना पाहता आला नाही. २ जानेवारी २००२ रोजी डेहराडूनमध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे ५४. दोन वर्षांपूर्वी, २००० साली, त्यांना पद्मभूषण मिळाले होते.

तीन महिन्यांनी, ५ एप्रिल २००२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सीएनजीचा आदेश कायम ठेवला. रस्त्यावर राहणाऱ्या प्रत्येक डिझेल बसला पहिले तीस दिवस रोज ५०० रुपये आणि त्यानंतर रोज १,००० रुपये दंड बसवला. गॅसच्या वाटपात वाहतुकीला अग्रक्रम देण्यास सांगितले. कारखान्यांच्या भट्टीपेक्षा शहराच्या श्वासाला आधी गॅस मिळावा, असा त्याचा अर्थ होता. १ डिसेंबर २००२ रोजी दिल्लीतली शेवटची डिझेल शहर बस रस्त्यावरून गेली.

माशेलकर समितीचे कामही वाया गेले नाही. तिच्या अहवालावर आधारलेले इंधन धोरण २००३ साली आले आणि देशभर टप्प्याटप्प्याने कडक मर्यादा लागू होण्याचा रस्ता त्यातून निघाला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाले. आज पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक दशलक्ष भागांत १० भागांपुरतेच असते आणि नव्या डिझेल गाडीच्या नळीत काजळी गाळणारी यंत्रणा असते. म्हणजे समितीचा मार्ग शेवटी गाठता आला. पण तो गाठायला २००२ पासून अठरा वर्षे लागली. दिल्लीच्या बसप्रवाशांनी ती अठरा वर्षे वाट पाहायची नाही, एवढेच अगरवाल यांचे म्हणणे होते.

दिल्लीपासून घाटापर्यंत

दिल्लीची हवा आज स्वच्छ नाही, हे सगळ्यांना दिसते. मग त्या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय झाला, असा प्रश्न विचारला जातो. बस आणि रिक्षांचे काळे लोट गेले, ही गोष्ट खरी. पुढे खासगी मोटारी आणि दुचाकी प्रचंड वाढल्या, बांधकामांची धूळ, कचऱ्याचा आणि शेतातला धूर यांची भर पडली, हीही तेवढीच खरी. एका रोगावर लागू पडलेले औषध दुसऱ्या रोगावर चालत नाही, म्हणून ते औषध खोटे ठरत नाही. अगरवाल स्वतः केवळ इंधनावर थांबले नव्हते. थोड्या जागेत जास्त माणसे नेणारी बस वाढवावी आणि खासगी गाड्यांना, विशेषतः डिझेलच्या, आवर घालावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यातला पहिला भाग अर्धवट झाला. दुसरा राहिलाच.

महाराष्ट्रात हाच प्रवास थोड्या वेगळ्या वाटेने झाला. मुंबईत महानगर गॅस कंपनी १९९५ पासून होती. धुराने त्रासलेल्या रहिवाशांची याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली, व्ही. एम. लाल यांची समिती बसली आणि जुन्या टॅक्सी गॅसवर आल्या. पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस ही कंपनी २००६ साली स्थापन झाली, मग रिक्षा आणि पीएमपीच्या बस गॅसकडे वळल्या. तिथून हे इंधन जिल्ह्याच्या रस्त्यांवर आले.

मढवरून जाणाऱ्या रस्त्याचा प्रश्न मात्र शहराहून वेगळा आहे. २०० पट दाबूनही गॅसच्या एक लिटर जागेत डिझेलच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढीच ऊर्जा मावते. म्हणून दिवसभर ठरलेल्या भागात फिरून रात्री आगारात परतणाऱ्या बसला आणि रोज कल्याणपर्यंत जाऊन येणाऱ्या लहान टेम्पोला तो सोयीचा पडतो. जड माल भरून लांब पल्ल्याला जाणाऱ्या ट्रकला टाक्यांचे ओझे आणि पंपांतले अंतर अडचणीचे ठरते. अशा ट्रकसाठी उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रवरूप केलेला वायू हा पर्याय पुढे येत आहे. तोवर घाटातल्या बऱ्याच ट्रकचे इंधन डिझेलच राहणार. त्यांतले जुने ट्रक हाच खरा त्रास आहे, कारण २०२० पूर्वीच्या बहुतेक इंजिनांत काजळी गाळण्याची सोय नाही. जादा माल न भरणे, हॉटेलसमोर उभ्या गाडीचे इंजिन बंद ठेवणे आणि नोझल वेळेवर तपासून घेणे, एवढे चालकाच्या हातात आहे. रस्त्याकडेला राहणाऱ्या दमेकऱ्याला तेवढ्यानेही फरक पडतो. जुना ट्रक केव्हा मोडीत काढायचा, त्यासाठी मालकाला मदत द्यायची का, गॅसचा पंप कुठे उभारायचा, हे मात्र चालकाच्या हातात नाही.

‘स्लो मर्डर’ अहवालाने १९९६ साली हीच विभागणी मांडली होती. धुराचे एक कारण गाडी चालवणाऱ्याच्या हातात असते आणि तीन कारणे धोरण आखणाऱ्यांच्या. दिल्लीतल्या बसच्या धुराबाबत अनिल अगरवाल यांनी त्या तीन कारणांची दारे ठोठावली, आणि आजारपणातही ती ठोठावत राहिले. घाट चढून मढजवळ आलेल्या ट्रकमागचा काळा लोट पाहिला की चालकाला शिवी देणे सोपे असते. त्या लोटाची उरलेली तीन कारणे शोधायला थोडे अधिक लागते.